डीएनए जुळला नाही म्हणून प्रजाती नवी ठरत नाही

उंचावरच्या पाणथळीत लालभडक डायाप्टोमिड कोपेपॉड (डायाप्टोमिड कुळातला, पाण्यात राहणारा चिमुकला कवचधारी प्राणी) सापडला, त्याचा सीओआय (प्रजाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) कशाशीच जुळत नाही, तर नाव द्यायला आणखी काय लागेल, असं तुम्ही विचारलंय. प्रौढ नर लागेल. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही.

रंग विसरा. मासे नसलेल्या उंच तळ्यांत अतिनील किरणांपासून बचाव म्हणून कोपेपॉड कॅरोटिनॉइड (लाल-नारिंगी रंगद्रव्य) साठवतात; अल्कोहोलमध्ये तो रंग उतरतोच. खरी ओळख नराच्या पाचव्या पायांच्या जोडीत आणि उजव्या शृंगिकेत (डोक्यावरच्या स्पर्शिकेत) असते, आणि घोळही तिथेच होतात.

नमुना अल्कोहोलमध्ये असेल, तर तिथून थेट शुद्ध ग्लिसरीनमध्ये टाकला की आक्रसतो. अल्कोहोलमध्ये थोडं ग्लिसरीन मिसळा, भांडं अर्धवट झाकून रात्रभर ठेवा, अल्कोहोल आपोआप उडून जाईल. मग स्लाइडवरच्या थेंबात एका सुईने धड दाबून धरा आणि दुसरीने चौथ्या पायांच्या मागे कापा. सुया टंगस्टनच्या घ्या, टाचणी फार जाड पडते. पाचवी जोडी एकसंध निघाली पाहिजे. डावा-उजवा पाय सुटा झाला की त्यांची एकमेकांशी तुलनात्मक लांबी सांगता येत नाही. मागची बाजू वर ठेवा. कव्हरस्लिपखाली काचेचे बारीक तुकडे आधाराला द्या, नाहीतर दाबाने पाय फिरतो आणि उजव्या पायाच्या टोकाच्या नखीचा बाक वेगळाच दिसतो. म्हणून कव्हरस्लिप ठेवण्याआधी एक चित्र आणि ठेवल्यावर एक, दोन्ही कॅमेरा ल्युसिडाने (सूक्ष्मदर्शकातलं दृश्य कागदावर गिरवता येतं त्या साधनाने) काढा. असा चेपलेला पाय पाहून ‘नवीन’ ठरवलेली प्रजाती मला प्रजाती वाटत नाही.

‘आता चित्रं कोण काढतं, सिक्वेन्स बोलतो’ असं म्हणणाऱ्यांनी टिग्रिओपस कॅलिफोर्निकस पाहावा. तो समुद्रकाठच्या खडकांतल्या डबक्यांतला, पण कोपेपॉडच. त्याच्या काही वस्त्यांमध्ये सीओआयचा फरक 20 टक्क्यांच्या आसपास जातो, तरी सगळ्यांना नाव एकच. मग ‘इतके टक्के म्हणजे नवी प्रजाती’ हे कुठून आलं? शिवाय तुमच्या प्रजातीचं जुनं वर्णन असेल आणि तिचा सिक्वेन्स कुणी केलाच नसेल, तर जुळणार कशाशी? जवळच्या प्रजातींचे टाइप नमुने (ज्यांच्यावरून नाव दिलं गेलं ते) मागवा, निदान ते जिथून आले त्या मूळ ठिकाणचे तरी.

प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं थोडक्यात: 1999 नंतरच्या नावाला होलोटाइप (नावाचा आधार असलेला एकच नमुना) किंवा सिंटाइप (असे अनेक नमुने) स्पष्ट नेमावे लागतात आणि ते कोणत्या संग्रहात आहेत किंवा राहतील ते लिहावं लागतं. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकच्या (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीच्या) नोंदणीचा पुरावा निबंधातच हवा.

सीओआय करूच नका असं नाही. त्यासाठी वेगळी बाटली 96 टक्के इथेनॉलची ठेवा आणि पहिल्या दिवशीच ते बदला, कारण प्लवकातल्या (जाळ्यात आलेल्या तरंगत्या जीवांतल्या) पाण्याने ते पातळ होतं. चित्रांसाठीचे नमुने 4 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, पाय लवचिक राहतात. आणि हे सगळं डायाप्टोमिडपुरतं. डॅफ्नियात (गोड्या पाण्यातल्या दुसऱ्या एका चिमुकल्या कवचधारी प्राण्यात) नर क्वचितच मिळतात, तिथे माद्यांवरच काम करावं लागतं. डॅफ्नियाच्या फॉर्मॅलिनमध्ये साखर घाला, नाहीतर कवच फुगून अंडी बाहेर पडतात.