फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) गाडीत डेटा लॉगर (सेन्सरच्या नोंदी साठवणारा डबा) कुठे आणि कसा बसवावा? सीटमागे झिप टायने बांधलाय, पण रेकॉर्डिंग मध्येच तुटतं. इंजिन केटीएम ३९०.

आधी एक, मेमरी कार्ड बदलत बसू नका. आम्ही तीन बदलली होती.

३९० ला सिलेंडर एकच. ९००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला १५० वेळा खालीवर होतो आणि ती थरथर चॅसीच्या पाइपांतून थेट सीटमागच्या पत्र्यात उतरते. झिप टाय घट्ट असेल तर ती जशीच्या तशी लॉगरमध्ये जाते, सैल असेल तर डबा पत्र्यावर आपटत राहतो. मेमरी कार्डाचा संपर्क निमिषभर सुटला तरी फाइल गेली.

डबा चार रबर बॉबिनवर (दोन्ही टोकांना स्क्रू असलेले रबराचे ठोकळे) बसवा, थरथरीने न सुटणारे नायलॉक नट लावून. पण रबर मऊ घ्या. अर्ध्या किलोच्या डब्याखाली इंजिन माउंटचं टणक रबर घातलं तर ते असून नसल्यासारखंच. अंगठ्याने जोर लावून दाबल्यावर डबा दोनेक मिलिमीटर हलला पाहिजे. अशा डब्याची स्वतःची लय साधारण ३० हर्ट्झच्या (सेकंदाला ३० वेळा) आसपास येते, आयडलची थरथरही जवळपास तेवढीच, म्हणजे आयडलला तो थोडा डुलताना दिसेल. घाबरू नका. पिस्टनचा धक्का आरपीएमच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे आयडलला तो अगदीच किरकोळ असतो, आणि वरच्या आरपीएमला रबर आपलं काम चोख करतं. फक्त चहूबाजूंनी बोटभर जागा मोकळी ठेवा.

आता गंमत अशी की अॅक्सेलरोमीटरला (गाडीचा वेग किती झपाट्याने बदलतो ते मोजणारा सेन्सर) नेमका उलटा न्याय. आमचा सेन्सर लॉगरच्या डब्यातच होता, म्हणून तोही रबरावर झुलत होता. ग्राफमध्ये रेघेऐवजी गवत उगवलेलं! सेन्सर वेगळा काढून, गाडीच्या गुरुत्वमध्याच्या जमेल तितका जवळ, चॅसीला वेल्ड केलेल्या पट्टीवर बोल्टने आवळा. शिवाय त्यातला लो-पास फिल्टर (जलद थरथर गाळणारा) चालू करा. सेकंदाला १०० नोंदी घेत असाल तर ६००० आरपीएमची थरथर बरोबर १०० हर्ट्झची, प्रत्येक नोंद थरथरीच्या जवळपास त्याच जागी पडते, आणि ती ग्राफमध्ये संथ लाट होऊन बसते. आपण मात्र सस्पेन्शनला दोष देत बसतो.

जीपीएसचा अँटेना मेन हूपवर (ड्रायव्हरच्या डोक्यामागची संरक्षक कमान), आकाशाकडे तोंड करून. कार्बन फायबरखाली लपवू नका, सिग्नल अडतो.

वायरी बहुतेक वेळा कनेक्टरच्या मागेच तुटतात. सोल्डर न करता क्रिंप करा (टर्मिनल तारेवर दाबून बसवा), कारण सोल्डर वायरीत आत चढतं आणि ते जिथे संपतं तिथेच तार मोडते. रबरावरच्या डब्याला जाणाऱ्या वायरीला छोटासा झोल द्या आणि मगच ती चॅसीला बांधा, नाहीतर वायरींचा ताठ जुडगाच (हार्नेस) डब्याला जखडून ठेवतो. इग्निशन कॉइलपासून लांब.

आणि सप्लाय तपासा. कोइंबतूरला कारी स्पीडवेवर एन्ड्युरन्समध्ये (लांब पल्ल्याच्या शर्यतीत) ड्रायव्हर बदलताना आम्ही नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं. परत स्टार्टर मारला तेव्हा व्होल्टेज पडलं, लॉगर रीस्टार्ट झाला आणि पहिल्या ड्रायव्हरची न मिटलेली फाइल कायमची गेली. त्यानंतर लॉगरला स्वतःचा फ्यूज आणि डायोडमागे (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) वेगळी छोटी बॅटरी दिली.

हे सगळं करूनही कॅनचा (गाडीतले कंट्रोलर आणि सेन्सर जोडणारी दोन तारांची डेटा लाइन) डेटा तुटत असेल तर मास्टर स्विच बंद करून तिच्या कॅन हाय आणि कॅन लो या दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावा. ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० दाखवलं तर लाइनच्या दोन टोकांच्या रेझिस्टरांपैकी एक सुटलाय.