वर्गाकडे पाठ करायची भीती वाटते

"ताई, मी तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत गणित शिकवते. गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलाचा मोबाइल तासाला काढून घेतला. त्यानं बाक लाथाडला, शिव्या दिल्या, माझा हात पिरगाळला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील फाटकाशी येऊन 'बघून घेतो' म्हणाले. मुख्याध्यापक म्हणतात, मिटवून टाका, शाळेचं नाव जाईल, पोराचं आयुष्य बरबाद होईल. मुलगा पुन्हा वर्गात येऊन बसतोय. मी मात्र फळ्याकडे वळूच शकत नाही. खुर्चीत बसूनच पायऱ्या सांगते, मुलं उतरवून घेतात. हरियाणातल्या हिसारची बातमी आठवली की पोटात गोळा येतो. मी भित्री आहे का? नोकरी सोडू का?"

मॅडम, तुम्ही भित्र्या नाही. जिथे आपल्यावर हात टाकला गेला तिथेच रोज उभं राहायचं आणि झालं ते कुणी बोलायचंही नाही, तर धसका बसणारच. हिसार जिल्ह्यात जुलै 2025 मध्ये विद्यार्थ्यांनी मुख्याध्यापकांचा खून केला. केस कापून या, शिस्तीत राहा, असं सांगितल्याचा राग होता, असं तेव्हा समोर आलं. चेन्नईत फेब्रुवारी 2012 मध्ये वर्गातच शिक्षिकेचा जीव घेणारा मुलगाही नववीतला होता. अशा घटना विरळा असतात आणि तुमचा विद्यार्थी त्या वाटेला जाईल असं मी मुळीच म्हणत नाही. पण 'मिटवून टाका' हे मला अजिबात पटत नाही. मिटवलं की त्या मुलाला जवळ बसवून 'बाबा रे, तुझं काय बिनसलंय' असं विचारायलाही कुणी उरत नाही.

आणि बाकीची मुलं? नववीला त्रिकोण रचना आहे. पाया कुठे घ्यायचा, कंपास किती उघडायचा, कंस कुठे छेदतात, हे फळ्यावर डोळ्यांदेखत काढून दाखवावं लागतं. उतरवून घेतलेल्या पायऱ्यांवरून कुणाला रचना येत नाही. ज्यांची शिकवणी लावायची ऐपत नाही, ती मुलं इथेच मागे पडतात. शिवाय बाईंचा हात पिरगाळला तरी काही होत नाही, हे सगळ्या वर्गानं पाहिलंय.

तेव्हा लेखी द्या. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा: तारीख, तास, काय घडलं, कोण हजर होतं, वडील काय बोलले. आवक क्रमांकासह पोच घ्या. अर्ज घेतला नाही, तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना स्पीड पोस्टानं पाठवा. शाळा व्यवस्थापनासमोर मुलगा आणि पालक यांची बैठक मागा. त्या बैठकीत तुम्ही एकट्या नको, एक सहकारी सोबत हवा. मुलासाठी समुपदेशक मागा, आणि काही आठवडे तुमच्या तासाला दुसरे शिक्षक वर्गात बसतील अशी सोय मागा. हे मागणं तुमचा हक्क आहे.

पोराच्या आयुष्याचं म्हणाल, तर कायद्यानं त्याचा विचार आधीच केलाय. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक महिला. त्याचं नाव छापता येत नाही. अतिगंभीर गुन्हा नसेल तर साधारणपणे एफआयआरसुद्धा होत नाही, पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि घरची परिस्थिती काय याचा अहवाल तयार होतो. वडील मात्र सज्ञान आहेत. त्यांच्या धमकीची तक्रार वेगळी करता येते, ती करा. पुन्हा फाटकाशी आले तर 112 ला फोन लावा.

स्टाफरूममध्ये कुणी म्हणेल, छडी गेली म्हणून हे दिवस आले. ते मनावर घेऊ नका. मुलांवर हात उगारून वर्ग सुरक्षित होत नाही. मोबाइलसाठी सगळ्या शाळेचा एकच नियम हवा आणि जप्त केलेला फोन ऑफिसात जमा व्हावा, म्हणजे राग एकट्या शिक्षकावर निघत नाही.

रात्री झोप लागत नसेल तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. राजीनाम्याचं आत्ता ठरवू नका. आधी अर्ज द्या, त्यावर शाळा काय करते ते पाहा. काहीच केलं नाही, तर दुसरी शाळा बघण्यात काहीही कमीपणा नाही.