इंडोनेशियाच्या संसदेत आपली 'रयत'

विचारणा अशी आहे : इंडोनेशियाच्या संसदेच्या नावात 'राक्यात' असा शब्द येतो, तो आपल्या 'रयत'चाच भाऊबंद आहे का? शिवाय, रयत म्हणजे मुळात चरणारा कळप, आणि ज्या मुस्लिम समाजांत लोकांना कळप म्हणतात तिथे लोकशाही रुजणारच नाही, असं कुणीतरी ठासून सांगितलं. ते कितपत खरं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. शब्द तोच, आणि रयत तिथे एकटी गेलेली नाही. सभागृहाचं पूर्ण नाव 'देवान पर्वाकिलान राक्यात'. यातलं 'देवान' म्हणजे आपलं दिवाण. 'पर्वाकिलान'चे मलय भाषेतले (इंडोनेशियन भाषा हे तिचंच एक रूप) पुढचे-मागचे प्रत्यय सोडवले की हाती उरतो 'वाकिल', म्हणजे वकील! पेशवाईत वकील म्हणजे परक्या दरबारात आपल्या धन्याची बाजू मांडणारा माणूस. पुढे आपल्याकडे तो कोर्टात जाऊन बसला, तिकडे मात्र 'प्रतिनिधी' हा अर्थ टिकला. रयतेच्या वकिलांची सभा, असं ते नाव मराठी कानाला ऐकू येतं. मला हे पहिल्यांदा उमगलं त्या दिवशी दुसरं काही सुचत नव्हतं.

मधला 'क' कुठून आला? अरबी 'रइय्यत'मध्ये 'ऐन' हा घशातून येणारा वर्ण आहे. मराठीने तो गिळून टाकला, मलय भाषेने त्याचा 'क' केला. म्हणून 'निआमत'चं तिकडे 'निकमात' होतं.

आता कळपाबद्दल. अरबी धातूचा अर्थ 'चारणे, राखणे' असाच आहे, त्यात शंका नाही. 'तुमच्यातला प्रत्येक जण राखणदार आहे आणि आपल्या रइय्यतीबद्दल त्याला जाब द्यावा लागेल' या आशयाची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, प्रसिद्ध आहे. म्हणजे राखणाऱ्यावरची जबाबदारीही त्याच शब्दात आहे, आणि ती विसरून व्युत्पत्ती सांगणं मला अर्धवट वाटतं. उस्मानी (ऑटोमन) तुर्की साम्राज्यात 'रेआया', म्हणजे याच शब्दाचं अनेकवचन, ही कर भरणारी प्रजा. लष्करी-सरकारी वर्ग तिच्याहून वेगळा. आजच्या अरबीत लोकांसाठी 'शअब' म्हणतात. २०११ साली ट्युनिस आणि कैरोच्या रस्त्यांवर जी घोषणा घुमली, 'लोकांना ही राजवट पाडायची आहे', तिच्यात हाच शब्द होता. नागरिकाला तिकडे 'मुवातिन' म्हणतात, तुर्कीत 'वतनदाश', आणि दोन्हींच्या पोटात 'वतन' आहे. आपल्याकडे वतनदार आणि रयत ही समोरासमोरची माणसं. तिकडे वतन म्हणजे मायभूमी, म्हणून ते सगळ्यांचं.

इंडोनेशियात मात्र जुनाच शब्द ठेवून त्याचा अर्थ बदलला. १९४५ च्या घटनेच्या सरनाम्यात राष्ट्राची पाच तत्त्वं आहेत. त्यातलं चौथं 'केराक्यातान'. शब्दशः रयतपण, अर्थाने लोकसत्ता. त्याच वाक्यात 'हिकमत'ही आहे, पण तिकडे ती चलाखी नसून शहाणपण आहे.

नाव असं असूनही लोकशाही नांदली का? पहिले अध्यक्ष सुकार्नो यांनी १९६० मध्ये निवडून आलेलं सभागृह बरखास्त करून नेमलेल्या सभासदांचं बसवलं. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष सुहार्तो यांच्या तीन दशकांत निवडणुका ठरल्या वेळी होत, निकाल आधीच ठाऊक असे. मार्च १९९८ मध्ये त्यांना सातव्यांदा अध्यक्ष निवडणाऱ्या सर्वोच्च सभेच्या नावातही 'राक्यात' होतंच. मग मे महिन्यात विद्यार्थी संसदेच्या आवारात घुसले, छतावर चढले आणि २१ मे रोजी सुहार्तो पायउतार झाले. पुढच्याच वर्षी खुली निवडणूक झाली आणि २००४ पासून अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो. या सगळ्या काळात शब्दाची व्युत्पत्ती तसूभरही हलली नव्हती. लष्कराचा वाटा, आर्थिक कोसळ, विद्यार्थ्यांचं धाडस, या गोष्टी मोजायच्या सोडून शब्दाच्या मुळाशी समाजाचं भविष्य शोधणं मला फार अन्यायाचं वाटतं.

तसंच मोजायचं तर 'प्रजा' म्हणजे संतती, लेकरं. राजा बाप आणि आपण त्याची पोरं. तरीही २६ जानेवारीला आपण 'प्रजासत्ताक दिन' म्हणतो आणि कुणाच्या मनात बाप येत नाही. 'रयत'चंही तेच. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी 'रयत शिक्षण संस्था' हे नाव ठेवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शाळेपासून दूर राहिलेली शेतकऱ्या-कष्टकऱ्यांची मुलं होती.

राहता राहिला भाषांतराचा मुद्दा. मूळ एक म्हणून 'राक्यात'ला बातमीत 'रयत' लिहू नये. आजच्या मराठीत रयत म्हटलं की मागे राजा उभा राहतो, इंडोनेशियन कानाला तसं काही जाणवत नाही. 'जनता' किंवा नुसतं 'लोक' लिहावं, आणि सभागृहाला 'लोकप्रतिनिधी सभा'. मलेशियाच्या संसदेतल्या 'देवान राक्यात' या कनिष्ठ सभागृहासाठी 'लोकसभा' चपखल बसेल, पण आपल्या लोकसभेशी घोळ होईल, म्हणून तिथे मूळ नावच देवनागरीत ठेवावं.