पट्टा कापडात दिसतो, पडतो मात्र मशीनवर

या महिन्यात टेक्श्चराइज्ड, म्हणजे उष्णतेने वळणं बसवून फुगीर केलेल्या, धाग्याबद्दलची पत्रं इतकी आली की हे सदर त्यांनाच देते आहे. नोकरीची सगळी वर्षं मी सिल्व्हासाच्या एका टेक्श्चरायझिंग कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. तेव्हा उत्तरं तिथे हाताने केलेल्या कामातूनच येतील.

प्रश्न (एक वाचक भगिनी, नाशिक): ताई, पॉलिएस्टर म्हणजे शेवटी प्लास्टिकची तारच ना? मग माझ्या लोकरीसारख्या टॉपचा फुगीरपणा इतक्या धुण्यांनंतरही कसा टिकला? आणि एकदाच इस्त्री जरा जास्त तापली तर तेवढा भाग कायमचा चपटा का झाला?

उत्तर: तार म्हणालात ते बरोबर आहे. कारखान्यात येतो तो पीओवाय धागा गुळगुळीत, सरळ आणि अर्धवट ताणलेला असतो. त्याला मशीनवर पीळ देऊन २०० अंशांच्या आसपास तापवतात, पीळ असतानाच गार करतात आणि मग पीळ सोडवतात. रात्री घट्ट वेणी घालून सकाळी सोडली की केसांना वळणं राहतात ना, तसंच. फरक इतकाच की इथे वळण उष्णतेने बसवलेलं असतं, त्यामुळे ते पाण्याने जात नाही. पॉलिएस्टरचे रेणू साधारण ७०-८० अंशांच्या पुढे सैल व्हायला लागतात. घरचं धुणं त्याच्या बरंच खाली असतं, तापलेली इस्त्री मात्र खूप वर. इस्त्रीने दाबून नवं वळण बसवलं, ते म्हणजे चपटेपणा.

हे सगळं धावत्या धाग्यावर होतं. एक सुतळी दोन्ही टोकांना धरा आणि कुणाला तरी मधोमध बोटांनी पीळ द्यायला सांगा. एका बाजूला उजवा पीळ पडेल, दुसऱ्या बाजूला डावा. आता हीच सुतळी पुढे सरकते आहे असं समजा: आधी पडलेला पीळ मधल्या बोटांच्या पलीकडे गेला की आपोआप सुटतो. मशीनवर बोटांच्या जागी तीन उभ्या दांड्यांवर बसवलेल्या, एकमेकींत शिरलेल्या चकत्या असतात. त्यांना डिस्क म्हणतात. १५० डेनियरच्या (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) धाग्याला मीटरमागे २,४०० च्या घरात पीळ पडतो. धागा मिनिटाला ६०० मीटरने धावत असेल तर मिनिटाला चौदा लाखांहून जास्त पीळ झाले. कुठलंही चातं एवढ्या वेगाने फिरवता येणार नाही. म्हणून चातं सोडून घर्षणाने पीळ देण्याची युक्ती निघाली, आणि ही युक्ती मला आजही फार सुंदर वाटते.

स्वित्झर्लंडमधल्या वाटविल गावच्या हेबरलाइन कंपनीने 'हेलांका' नावाचा असा धागा १९३०च्या दशकात आणला. तेव्हा पीळ देणं, तो बसवणं आणि सोडवणं ही तीन वेगवेगळी कामं होती. आता ती एकाच मशीनवर, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर होतात.

प्रश्न (यंत्रमागधारक, भिवंडी): मॅडम, ग्रे (न रंगवलेलं) कापड एकदम स्वच्छ दिसतं. प्रोसेस हाऊसमधून गडद निळा रंगवून आलं की आडवे पट्टे दिसतात. प्रोसेसवाला म्हणतो धागा खराब, धागेवाला म्हणतो तुमचा माग खराब. पैसे माझे कापले जातात. दोष कुणाचा हे मी कसं ठरवू?

उत्तर: तुमचं पत्र वाचून जीव तुटला, कारण या भांडणात शेवटी मार बसतो तो मागवाल्यालाच. पुरावा तुमच्या हातात असतो, तो गोळा कसा करायचा एवढंच सांगते.

आधी पट्ट्याची दिशा बघा. ताण्याचा एकच धागा थानभर उभा वेगळा दिसत असेल, तर बीमवर (ताणा गुंडाळलेल्या रुळावर) एक वेगळी बॉबिन आली आहे. तुमचा पट्टा आडवा आहे, म्हणजे बाण्याचा. आता एक करा: कांडी किंवा बॉबिन बदलली की काठाला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण करायला कारागिराला सांगा. पंधरा-वीस मीटर एवढं केलं तरी पुरे. रंगवून आल्यावर पट्टा खुणेपाशी सुरू होऊन खुणेपाशीच संपत असेल, तर तो धाग्याचा आहे. खुणेच्या मध्येच कुठेतरी सुरू होत असेल, माग थांबवून पुन्हा सुरू केल्याच्या जागी असेल, किंवा दाट-विरळ विणीचा असेल, तर माग तपासा.

धाग्याचाच निघाला तर तो कसा पडला असेल ते सांगते. एका मशीनवर २१६ किंवा त्याहून जास्त पोझिशन असतात आणि प्रत्येकीवर एक धागा स्वतंत्र चालतो. बाहेरून मशीन एक दिसतं, पण धाग्याच्या दृष्टीने ती २१६ वेगवेगळी मशीनं आहेत. एका हीटरचं तापमान पाच-सहा अंशांनी हललं, एका डिस्कची कड झिजली, हीटरच्या खाचेत तेलाचा काळा थर बसला, की त्या एका पोझिशनच्या धाग्याची आतली रचना बदलते आणि डिस्पर्स (पॉलिएस्टरला लागणारा) रंग त्यात कमी-जास्त शिरतो. पांढऱ्या धाग्यात यातलं काही दिसत नाही. हाताला लागत नाही, मजबुतीच्या चाचणीतही सापडत नाही.

हा दोष सापडतो मोज्यात. आमच्या प्रयोगशाळेत हाताच्या मनगटाएवढ्या नळीचं छोटं निटिंग मशीन होतं. एकेका बॉबिनचा धागा घेऊन तीन-चार बोटं रुंद विणायचं, मग पुढच्या बॉबिनचा जोडायचा. असा लांबच लांब मोजा तयार होतो. तो एकाच भांड्यात, एकाच निळ्या रंगात उकळायचा, कारण फिकट-गडद ओळखायला निळा उत्तम. वाळल्यावर पांढऱ्या ट्यूबलाइटखाली लाकडी फळीवर चढवायचा. दोनशे पट्ट्यांतली एक पट्टी किंचित गडद असेल तर ती डोळ्यात खुपते. तिच्यावर पोझिशनचा नंबर असतो. मी तो नंबर घेऊन खाली शेडवर जायची आणि बहुतेक वेळा त्या डिस्कची कड नखाने चाचपली की उत्तर मिळायचं.

म्हणून धागा घेताना 'मोजा-चाचणी झालेला, शेडप्रमाणे (रंगछटेप्रमाणे) वेगळा केलेला' माल मागा आणि ते बिलावर लिहून घ्या. पेटीवरचा लॉट आणि मर्ज नंबर जपून ठेवा. पेटी फोडली की पुठ्ठा फेकून देतात, तो फेकू नका. दोन लॉटचा धागा एका थानात कधीही घालू नका, डेनियर आणि फिलामेंट (धाग्यातल्या बारीक तारा) तेवढेच असले तरीही. आणि तुमच्या मागाला बाणा पुरवणारे दोन फीडर असतील तर दोन बॉबिनचा बाणा आलटून-पालटून टाका. बारीकसारीक फरक त्यात विरून जातो. खरा दोष मात्र त्याने झाकू नये, कारण तो पुढच्या गिऱ्हाइकाला दिसतोच.

प्रश्न (एक आई, धुळे): माझा मुलगा टेक्श्चरायझिंगच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. घरी येतो तेव्हा कपड्यांना तेलकट वास असतो आणि टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतो. काळजी करण्यासारखं आहे का?

उत्तर: आहे, ताई, आणि वेळेवर विचारलंत हे फार बरं केलंत. पीओवायवर स्पिन फिनिश नावाचं तेल असतं. ते हीटरवर तापून धूर होतं. मशीनवर हा धूर ओढून घेणारी सक्शन पाइपलाइन असते. ती साफ असेल तर शेडमध्ये धूर जाणवत नाही. डोळे चुरचुरत असतील, तर पाइप तुंबले आहेत असं समजायचं. तुंबलेल्या पाइपातलं तेल पेटूही शकतं, म्हणून ही सफाई मालकाच्याही हिताची आहे. मुलाला हे सुपरवायझरकडे लेखी मांडायला सांगा.

टीव्हीचं मात्र मला जास्त लागलं. डिस्क मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेतात, त्यात इंटरमिंगलिंग जेटची (फिलामेंट एकमेकांत गुंतवणाऱ्या तोटीची) दाबाची हवा. आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडे ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि शेडमध्ये दोन हातांवरच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज त्या मर्यादेपर्यंत गेला असं धरून चाला. कानाचे मफ किंवा प्लग देणं कारखान्याचं काम आहे. आवाजाने गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या यादीत कळवण्याजोगा व्यावसायिक आजार आहे. मुलाची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) आत्ताच करून घ्या आणि कागद जपून ठेवा. मशीनशेजारी वर्षानुवर्षं उभा राहणारा माणूस जपला नाही, तर धाग्याच्या दर्जाबद्दल बोलण्यात काही अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न (टेक्स्टाइलचा विद्यार्थी, इचलकरंजी): निम, सिम आणि हिम यांतला कोणता धागा ताण्याला घ्यावा?

उत्तर: हिम. जेटमधल्या हवेने फिलामेंट ठरावीक अंतरावर एकमेकांत गुंततात. त्या गाठवजा जागा हिममध्ये मीटरला शंभरच्या आसपास असतात, सिममध्ये साधारण त्याच्या निम्म्या, निममध्ये जवळपास नाहीत. ताण्याला फणीचं आणि वईचं घर्षण सोसायचं असतं, गाठी नसतील तर फिलामेंट फुटून पिंजारतात. हिम घेतला तर बरेचदा खळ न लावताही विणता येतं. मात्र सॅटिनसारख्या चमकदार विणीत दाट गाठी ठिपक्यांसारख्या दिसतात, तिथे नमुना विणून पाहा.

गाठी पाहायच्या असतील तर काळ्या तळाच्या ट्रेमध्ये पाणी घेऊन त्यावर अलगद एक मीटर धागा सोडा. फिलामेंट पाण्यावर पसरतात, गाठीच्या जागा बारीक राहतात, मोजता येतात. मग तोच धागा हाताने थोडा ताणून पुन्हा सोडा. किती गाठी सुटल्या त्यावरून जेट कसं चाललंय ते कळेल.

प्रश्न (नवउद्योजक, नवापूर): सुरतेहून जुनं, चालू अवस्थेतलं २१६ पोझिशनचं मशीन मिळतंय. मालक म्हणतो मिनिटाला ८०० मीटरने चालतं. पीओवाय जवळ मिळतो. घ्यावं का?

उत्तर: नवापूरची जागा चांगली. सुरत फार लांब नाही, आणि कच्चा माल मिळण्याचं म्हणाल तर १९८२ साली आपल्याकडे पाताळगंगेला पॉलिएस्टर फिलामेंटचा कारखाना सुरू झाला तेव्हाच्या मानाने आज परिस्थिती कितीतरी सोपी आहे. प्रश्न मशीनचा आहे.

८०० या आकड्यावर जाऊ नका. कुठल्याही मशीनवर, ठरावीक डेनियरला, एका वेगापुढे पिळलेला धागा अस्थिर होतो. हीटर आणि डिस्क यांच्यामध्ये तो थरथरायला लागतो आणि ताण अचानक वर-खाली होतो. याला सर्जिंग म्हणतात. कापडात ते न उघडलेल्या पिळाच्या बारीक कडक तुकड्यांच्या रूपात दिसतं. विचारा: ८०० मीटरने कोणता डेनियर, आणि त्या वेगाला डिस्कच्या आधीचा आणि नंतरचा ताण किती? हातातला टेन्शन मीटर घेऊन स्वतः वीस-पंचवीस पोझिशन मोजा. आकडे एकमेकांजवळ असले पाहिजेत. मीटरच्या काट्याला शांतपणा नसेल तर वेग खाली आणा आणि त्या खालच्या वेगावर उत्पादनाचा हिशोब मांडा.

सगळ्यात महत्त्वाचं, पहिला हीटर. जुन्या मशीनमध्ये तो बहुधा डाऊथर्म नावाच्या द्रवाच्या वाफेवर चालतो. हे द्रव हवेच्या साध्या दाबाला २५७ अंशांना उकळतं. आपल्याला हवे २०० च्या आसपास, म्हणून हीटरच्या बंद पेटीतली हवा काढून टाकलेली असते. कुठे बारीक गळती होऊन हवा आत गेली की ती वरच्या टोकाला साचते, वाफ तिथवर पोचत नाही आणि हीटरचं ते टोक थंड राहतं. पॅनेलवरचा आकडा मात्र बरोबर दिसतो! त्यामुळे पॅनेल बघून समाधान मानू नका. प्रोब घेऊन प्रत्येक पेटीचं तापमान वर, मध्ये, खाली मोजा. पेटीजवळ उग्र वास आला तरी सावध व्हा. हीटर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

बाकी गोष्टी दिसायला किरकोळ आहेत: सिरॅमिक गाइडमधले चर, धागा ओढणाऱ्या फीड रोलरचे पट्टे (अप्रन), डिस्क युनिटच्या बेअरिंगचा आवाज. डिस्क पॉलियुरेथेनच्या असतील तर त्या लवकर झिजतात, पण धाग्याला मऊ असतात; सिरॅमिकच्या टिकतात. बदलायला किती लागतील ते मोजून घ्या. आणि तुमचा स्वतःचा पीओवाय लावून एक अख्खी पाळी मशीन चालवून घ्या, सगळ्या बॉबिन उतरवा आणि त्यांचा मोजा विणून रंगवा. विकणारा याला नाही म्हणाला, तर पुढे बोलू नका.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत: वीज. क्षणभर लाइट गेली तरी सगळेच्या सगळे धागे तुटतात, हीटरवरचे तुकडे तिथेच चिकटून जळतात, आणि साफ करून सगळ्या पोझिशन पुन्हा ओवायला पाळीचा मोठा भाग जातो. जागा पक्की करण्याआधी शेजारच्या कारखान्यात जाऊन गेल्या पावसाळ्यातली त्यांची ब्रेकडाऊनची वही बघायला मागा.