स्प्रे मारूनही डास का चावतात?

प्रश्न: संध्याकाळी बागेत बसण्याआधी डासांचा स्प्रे मारतो, तरी घोट्यांवर आणि कानांमागे हमखास चावे येतात. स्प्रे कुचकामी आहे का?

उत्तर: बहुतेक वेळा स्प्रे बरा असतो, लावण्यात गफलत होते. स्प्रेच्या वासाने सगळ्या अंगणातले डास पळतात, हा समज चुकीचा. तो जिथे लागला त्या त्वचेपुरताच चालतो आणि बोटभर जागा सुटली तरी डास तीच गाठतो. म्हणून तळहातावर घेऊन घोटे, पोटऱ्या, कोपरांची मागची बाजू, मान आणि कानांमागे चोळून लावा. चेहऱ्यावर थेट फवारू नका. डोळे आणि ओठ सोडून हातानेच लावा. कपड्यांखाली लावायची गरज नाही. पण घट्ट लेगिंग्जच्या कापडातूनही डास सोंड खुपसतो, तेव्हा कपडे सैल आणि जाडसर विणीचे हवेत.

बाटलीवरची टक्केवारीही वाचा. ती औषधाचा जोर दाखवत नाही, ते किती वेळ टिकेल एवढेच सांगते. 10 टक्के डीट (स्प्रेमधले डास दूर ठेवणारे रसायन) साधारण दोन तास पुरते, 20 ते 30 टक्क्यांचे चार-पाच तास. 50 च्या पुढे जाऊन हाती फारसे काही लागत नाही. घाम गाळला किंवा पाण्यात उतरलात तर वेळ न मोजता पुन्हा लावा. डीटने चष्म्याची प्लास्टिकची फ्रेम किंवा घड्याळाची प्लास्टिकची काच खराब होऊ शकते. ते नको असेल तर 20 टक्के पिकारिडिन, म्हणजे डास दूर ठेवणारे दुसरे रसायन, घ्या. सिट्रोनेला तेलाचा असर मात्र लवकर ओसरतो आणि डास पळवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘अल्ट्रासाउंड’ यंत्रांवर पैसे घालवू नयेत.

प्रश्न: सनस्क्रीन आधी की डासांचे मलम?

उत्तर: आधी सनस्क्रीन. ते सुकले की मलम. दोन्ही एकत्र असलेली बाटली घेऊ नका. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावे लागते, मलम तितक्या वेळा लागत नाही.

प्रश्न: सहा महिन्यांच्या बाळाला काय लावावे?

उत्तर: दोन महिन्यांपर्यंत काहीच नको, बाबागाडीवर जाळी टाका. त्यानंतरही आधी जाळी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. डीट लावलेच तर थोडे, तळहात सोडून, कारण बोटे तोंडात जातात. लेमन युकॅलिप्टसचे तेल तीन वर्षांखालील मुलांना लावू नये.

प्रश्न: रानात फिरताना गोचीड चिकटली तर तेल किंवा पेटती काडी लावावी का?

उत्तर: दोन्ही नको. डिवचलेली गोचीड जास्त लाळ सोडते आणि जंतू त्या लाळेतूनच येतात. बारीक टोकाच्या चिमट्याने ती त्वचेलगत, तोंडाजवळ पकडा आणि न पिरगाळता सरळ वर ओढा. पोट दाबू नका. मग जागा साबणाने धुवा. पुढच्या वेळी पँट मोज्यांत खोचा आणि 0.5 टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक बुटांवर व कपड्यांवर फवारून पूर्ण सुकवा. ते त्वचेवर लावायचे नाही, आणि ओले असताना मांजर जवळ येऊ देऊ नका. मांजरांना ते विषारी असते. परतल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे आणि केसांत तपासा. नंतर ताप आला किंवा चाव्याभोवती लाल चट्टा पसरू लागला तर डॉक्टरांना चाव्याची तारीख सांगा.