उत्तरायण, मांजा आणि जखमी पक्षी : वाचकांचे प्रश्न

जानेवारी लागला की वडोदऱ्यातून तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

पतंग ही आपली परंपरा. पक्ष्यांसाठी ती सोडायची का? (रावपुरा)

पतंग नव्हे, काचेचा आणि नायलॉनचा मांजा सोडा. सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाचनंतर थवे ये-जा करतात, तेव्हा फिरकी खाली ठेवा.

जल्लिकट्टूला (तामिळनाडूतला बैलांचा खेळ) न्यायालयाने परवानगी दिली, मग आम्हालाच बंदी का? (दांडिया बाजार)

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने तामिळनाडूचा कायदा आणि त्याचे नियम मान्य केले, इजा करण्याची मुभा दिलेली नाही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे.

दुकानदार म्हणतो, सुती मांजाने पक्ष्यांना काही होत नाही. (मांजलपूर)

हे विकण्यासाठी बोललं जातं. सुती दोऱ्यावर काचेची भुकटी चढवली की तोही पंख कापतो. टोक जाळून पाहा : नायलॉन वितळून गोळी होते, सुताची राख होते. काच न लावलेली साधी दोरीच घ्या.

कबूतर गच्चीवर पडलंय, पंखात मांजा आहे. हळद लावली, पाणी पाजलं. सण झाल्यावर डॉक्टरकडे नेऊ? (कारेलीबाग)

नाही, आत्ताच न्या! खांदा आणि मनगट यांमधली पंखाची पातळ कातडी फाटली की काही तासांत सुकते. सुकलेल्या कातडीत टाका धरत नाही आणि पक्षी पुन्हा उडत नाही. दर वर्षी सणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणलेले पक्षी यामुळेच हातचे जातात.

मांजा ओढू नका, तो करवतीसारखा मांस कापत जातो. जखमेपासून दोन-तीन इंचांवर दोरा कापा, आतला तसाच राहू द्या. हळद-तेल नको, पिसं चिकटतात आणि जखम दिसत नाही. चोचीत पाणी ओतू नका : श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी फुप्फुसात जातं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड काही मिनिटं हलकं दाबून धरा. डोक्यासकट सुती कापडात गुंडाळा, पण छाती आवळू नका, कारण पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतं, छाती हलली नाही तर श्वासच थांबतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, स्पीकरपासून लांब ठेवा आणि १९६२ या प्राणी-रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर फोन करा. गुजरात सरकारच्या करुणा अभियानात (सणातल्या जखमी पक्ष्यांसाठीची मोहीम) तात्पुरती उपचार केंद्रंही उघडतात. बगळा, करकोचा असेल तर स्वतः धरू नका, चोच थेट डोळ्यावर येते.

झाडावरचा मांजा काढायचा का? (अलकापुरी)

हो, त्यात रात्री वटवाघळं अडकतात. बांबूने काढा, बारीक तुकडे करून टाका. विजेच्या तारेवरचा मात्र वीज कंपनीलाच काढू द्या.