सरळ रस्त्यात वाकडं कशाला घालायचं?

प्रश्न: भाऊ, रविवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण मित्राकडे जमून फॉर्म्युला वन बघतो, शेवभाजी असते, आणि दर वेळी एकाच गोष्टीवरून जुंपते. अर्धे म्हणतात शिकेन टाकून टाकून जुन्या ट्रॅकची पार वाट लावली, गाडी मस्त तीनशेने चाललेली असते आणि मधेच तिला कान धरून वाकडं चालायला लावतात. बाकीचे म्हणतात शिकेन नसते तर ओव्हरटेक दिसले नसते आणि माणसं मेली असती ती वेगळीच. तुम्हीच काय तो निकाल लावा.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर: मन विचाराल तर माझं पहिल्या पार्टीकडे आहे, पण निकाल तसा सरसकट नाही लागत भाऊ. शिकेन कुठे टाकलाय त्यावर सगळं आहे. लांब सरळ रस्ता संपतो तिथे असेल तर रेस रंगते, आणि सरळ रस्ता सुरू व्हायच्या तोंडाशी किंवा एखादं झकास वेगवान वळण मारून त्याच्या जागी टाकला तर रेसचा जीवच जातो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शिकेन म्हणजे वेग तोडायला मुद्दाम घातलेली लागोपाठ डावी-उजवी वळणं. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना नाकाबंदी असली की पोलीस बॅरिकेड एक इकडून एक तिकडून लावतात आणि ट्रकवाल्याला झक मारत स्टिअरिंग फिरवत जावं लागतं ना, तसंच.

आता ओव्हरटेकचं गणित बघा, इथेच बहुतेक लोक फसतात. दोन गाड्यांत एक सेकंदाचं अंतर आहे असं धरा. ३०० च्या स्पीडला एक सेकंद म्हणजे ८३ मीटर. त्याच गाड्या शिकेनमध्ये ८० वर आल्या की तेच एक सेकंद फक्त २२ मीटर होतं. टीव्हीवर वाटतं अरे वा चिकटला की मागे, आता घेतोच, पण सेकंद तेवढाच आहे, आणि पुढचा आधी बाहेर पडतो, आधी गॅस देतो, परत तेवढाच लांब जातो. म्हणून सरळ रस्त्याच्या आधी शिकेन टाकून काही मिळत नाही. तोच शिकेन रस्त्याच्या शेवटी असला की पुढच्या गाडीच्या आडोशाला राहून, तिच्या मागच्या पातळ हवेत स्पीड वाढवत मागचा जवळ येतो आणि मग ब्रेक कोण उशिरा मारतो यावर खेळ होतो. इटलीतल्या मोंझा ट्रॅकचा पहिला शिकेन नीट बघा. साडेतीनशेच्या आसपास आलेली गाडी काही सेकंदांत ८० च्या घरात येते, ड्रायव्हर आठव्यावरून धडाधड गिअर उतरवतो, टायरमधून धूर निघतो, आतल्या बाजूला जेमतेम एका गाडीची जागा आणि तिथे दोघं घुसायला बघतात. हे मला आवडतं, उगाच नाही कशाला म्हणू.

पण त्याच मोंझाने गमावलं काय तेही ऐका. १९७१ साली तिथे एकही शिकेन नव्हता, पीटर गेथिन ०.०१ सेकंदाने जिंकला आणि पहिले पाच जण ०.६१ सेकंदात आले. पूर्ण रेसभर थवाच्या थवा एकमेकांच्या आडोशाने पळत होता. १९७२ ला शिकेन आले आणि तशी रेस परत झाली नाही. आणि वेगाचं म्हणाल तर १९७१ ची सरासरी होती ताशी २४२.६ किलोमीटर, तो रेकॉर्ड २००३ मध्ये शूमाकरने २४७.६ ने मोडला, तेही सगळे शिकेन जागेवर असताना! इंजिनिअर लोक काही हातावर हात धरून बसत नाहीत.

वाट लावलेलं उदाहरण पाहिजे तर स्पेनचा बार्सिलोना ट्रॅक. शेवटची दोन वेगवान उजवी वळणं होती, ड्रायव्हरचा कस लागायचा. मागच्या गाडीला तिथे पुढचीने ढवळलेली घाण हवा लागते, पकड जाते, जवळ राहता येत नाही, म्हणून २००७ ला तिथे शिकेन घातला की सगळे हळू झाले म्हणजे जवळ राहतील. राहिले का? वर सांगितलेलं ८३ आणि २२ चं गणित आडवं आलं. सोळा सीझन गाड्या तिथून डुगडुगत गेल्या आणि २०२३ ला काढूनच टाकला.

मरणाची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे तुमच्या दुसऱ्या पार्टीला गप्प बसवता येणार नाही. इटलीतल्याच इमोला ट्रॅकवर टांबुरेलो वळणाला १९९४ ला ड्रायव्हर आयर्टन सेनाचा जीव गेला. भिंत रस्त्याला लागून आणि तिच्या मागे सान्तेर्नो नदी, म्हणजे भिंत मागे सरकवायला जागाच नाही. १९९५ ला तिथे शिकेन आला, दुसरं करणार काय होते? वेग निम्मा केला की धडकेची ताकद पाव होते, हे शाळेतलंच फिजिक्स आहे. पण म्हणून शिकेन म्हणजे सेफ असंही समजू नका. मोनॅकोला बोगद्यातून उतारावर बाहेर पडून शिकेनसाठी जोरात ब्रेक मारावा लागतो, तिथेच १९९४ ला ड्रायव्हर वेंडलिंगर आपटून कोमात गेला आणि २०११ ला पेरेझ आपटला. मोंझाला २००० साली पहिल्याच लॅपला दुसऱ्या शिकेनसाठी ब्रेक मारताना गाड्या एकमेकांवर चढल्या आणि उडालेलं चाक लागून एक मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला सुरक्षेसाठी उभा असलेला माणूस, मेला. सगळी गर्दी एका चिंचोळ्या तोंडात कोंबल्यावर असं होणारच.

आणि शिकेन चुकवून सरळ जाणाऱ्यांचा ताप तर विचारूच नका. २००८ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर हॅमिल्टन शेवटचा शिकेन कापून गेला, रायकोनेनला जागा परत दिली, लगेच पुढच्या वळणावर परत घेतली, रेस जिंकली, आणि नंतर २५ सेकंद पेनल्टी लावून विजय फेलिपे मासा या ड्रायव्हरला दिला. त्यावर अजून भांडणं चालू आहेत. तुमच्याकडे तरी शेवभाजी आहे.

प्रश्न: बाईकच्या रेसमध्ये पण शिकेन असतात का? माझा भाऊ म्हणतो की बाईकला ते जास्त डेंजर. खरं का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर: ताई, असतात, आणि भाऊ अर्धा बरोबर आहे. बाईक एका बाजूला पूर्ण झोपलेली असताना क्षणात उचलून दुसऱ्या बाजूला झोपवायची, हे काम अंगमेहनतीचं आणि चुकीला जागा नसलेलं. पण टाकतात ते बहुतेक वेळा त्याहून मोठी भीती असते म्हणून. ऑस्ट्रियाच्या रेड बुल रिंगवर २०२० ला झार्को आणि मॉर्बिडेली हे रायडर पडले, त्यांच्या मोकाट बाईक पुढच्या वळणावर उडत आल्या आणि रॉसी आणि विनालेस या दुसऱ्या दोन रायडरच्या मधून गेल्या. केसाएवढं अंतर होतं, व्हिडिओ बघवत नाही. २०२२ ला त्या वळणाच्या आधी शिकेन घातला. मला ट्रॅक आधीचा आवडायचा, पण तो व्हिडिओ बघून तोंड उघडत नाही.

बार्सिलोनात २०१६ ला लुईस सालोम हा रायडर प्रॅक्टिसमध्ये पडून मेला, मग रातोरात बाईकवाल्यांनाही कारचा शिकेनवाला रस्ता दिला. नंतर तिथली मोकळी जागा वाढवली आणि २०१८ ला जुनं वळण परत आलं. माझ्या मते हाच योग्य क्रम, आधी जीव वाचवा, मग खर्च करून जागा करा, मग शिकेन काढा. पण खर्चाचं नाव निघालं की शिकेनच कायमचा राहतो, कारण चार कर्ब (वळणाच्या कडेच्या उंच पट्ट्या) आणि थोडं डांबर स्वस्त पडतं.

आणि मजा बघायची असेल तर नेदरलँड्सच्या असेन ट्रॅकवरची २०१५ ची शेवटची लॅप बघा. शेवटच्याच शिकेनमध्ये मार्केझ आणि रॉसी यांच्या बाईक एकमेकांना लागल्या, रॉसी सरळ खडीतून उडत गेला आणि जिंकला. असे शिकेन चालतात आपल्याला.

प्रश्न: आमच्या ग्रुपला मोकळ्या मैदानावर कोन लावून गाड्यांचा टायमिंग इव्हेंट करायचा आहे, परवानगीचं बघतोय. शिकेन कुठे लावू?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर: परवानगी, ॲम्ब्युलन्स आणि हेल्मेट आधी, कोन नंतर. तुमची गाडी एकटी पळणार, ओव्हरटेकचा प्रश्नच नाही, त्यामुळे शिकेन फक्त वेग तोडायला लावायचा. सगळ्यात लांब सरळ भाग असेल त्याच्या मध्यावर एक लावा, म्हणजे शेवटी ब्रेक मारायच्या जागेला गाडी फार वेगात येणार नाही. फिनिशच्या अगदी जवळ लावू नका, लोक टायमिंगच्या नादात तिथे वेडंवाकडं मारतात. पब्लिक शिकेनच्या सरळ समोर तर अजिबात उभी करू नका, ब्रेक नाही लागला तर गाडी तिकडेच जाणार. आणि कोन रबरचेच घ्या, मातीने भरलेले ड्रम कोणी सुचवले तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.